माथेरान: चालाल तेवढं वाचेल

माथेरानात सगळ्यात स्वस्त काय, तर चालणं. सगळ्यात महाग काय, तर न चालणं. मोटारींना जिथून पुढे मनाई आहे त्या दस्तुरी नाक्यावर गाडी सोडली की पुढे खिशातून जाणारा जवळपास प्रत्येक रुपया पाय वाचवण्यासाठी जातो. घोडा त्यासाठी, हमाल त्यासाठी, शटल त्यासाठी. पॉइंटांना तिकीट नाही, जंगलातल्या वाटांना फाटक नाही. नाक्यावर एकदा प्रवासी कर भरला की अख्खा डोंगर फिरायला मोकळा. तरीही चौघांचं कुटुंब एका दिवसात पाच-सहा हजार उडवून येतं आणि वर ‘माथेरान आता परवडत नाही’ म्हणतं. परवडत नाही ते माथेरान नव्हे, त्या दिवशी घेतलेले तीन घोडे.

म्हणून आधी पायांचा अंदाज घ्या, मग पाकिटाचा. माथेरान म्हणजे चढाईचा डोंगर नाही. समुद्रसपाटीपासून आठशे मीटरवरचं हे एक लांबट पठार आहे. वर पोचलात की वाटा बहुतेक सपाट, कुठे हलका उतार, कुठे हलका चढ. पायाखाली तांबडी माती, डोक्यावर जांभूळ, हिरडा, अंजनीची सावली. त्यामुळे एप्रिल-मे महिन्यातही सकाळी दहापर्यंत उन्हाचा त्रास होत नाही. १८५० साली ठाण्याचे कलेक्टर मॅलेट यांनी ही जागा हेरली आणि पुढे बंगले उठले, तेव्हापासून इथल्या वाटा घोड्याच्या आणि माणसाच्या चालीनेच आखल्या गेल्या. २००३ मध्ये केंद्र सरकारने परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर केला आणि मोटारींची मनाई कायम राहिली. आठ वर्षांचं पोर आणि सत्तरीतले आजोबा एकाच वेगाने, मागून हॉर्न न ऐकता चालू शकतील अशी इतकी मोठी जागा मुंबई-पुण्याजवळ दुसरी नाही.

पोचण्याचा खर्च फार नाही, पण त्यात गोंधळ मोठा. मुंबईहून कर्जत किंवा खोपोली लोकलने नेरळ गाठायचं. सीएसएमटीहून साध्या डब्याचं तिकीट पस्तीस रुपयांच्या आत आणि वेळ साधारण दोन तास. पुण्याहून येणाऱ्यांनी थेट नेरळला थांबणारी गाडी शोधत बसण्यापेक्षा कर्जतला उतरून मुंबईकडे जाणारी लोकल धरावी. मधे एकच स्टेशन आहे. नेरळ स्टेशनाबाहेर टॅक्सीवाले उभेच असतात. सहा जणांची गाडी भरली की माणशी ऐंशी ते शंभर रुपये. घाई असेल आणि अख्खी गाडी हवी असेल तर पाचशेच्या आसपास. एसटीची मिनी बसही आहे आणि ती सगळ्यात स्वस्त. पण तिच्या फेऱ्या मोजक्या, म्हणून तिच्या वेळेवर बेत आखू नये. मिळाली तर चढावं.

स्वतःची मोटार न्यायची तर घाटाबद्दल एक सूचना. वळणं तीव्र आहेत, चढ खडा आहे आणि पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी रांग खाली नेरळपर्यंत येते. पहिल्या गिअरमध्ये, क्लच जाळत, अर्धा तास एकाच वळणावर काढायची तयारी असेल तरच मोटार काढा. वर दस्तुरीला वाहनतळाचं भाडं दिवसाच्या हिशोबाने पडतं. मुक्काम असेल तर दर विचारताना ‘चोवीस तासांचा की तारखेचा’ हेही विचारून घ्या, कारण रात्री बारानंतर दुसरा दिवस धरला गेला की भाडं दुप्पट होतं.

मिनी ट्रेनची गोष्ट वेगळी. सर आदमजी पीरभॉय यांच्या कुटुंबाने बांधलेला हा दोन फुटी रूळमार्ग १९०७ मध्ये सुरू झाला. नेरळ, जुम्मापट्टी, वॉटर पाइप, अमन लॉज, माथेरान अशी त्याची स्टेशनं. २००५ च्या पुरात तो वाहून गेला, २०१९ च्या पावसात पुन्हा उखडला आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये पुन्हा धावू लागला. नेरळहून साध्या डब्याचं तिकीट शंभराच्या आत असतं, पहिल्या वर्गाला त्याच्या तिप्पट-चौपट, आणि काचेच्या छताच्या व्हिस्टाडोम डब्याला त्याहूनही जास्त. प्रवास अडीच तासांच्या पुढे. एकदा मुलांसाठी जरूर करा. पण पैसे वाचवायला किंवा वेळ गाठायला या गाडीचा उपयोग नाही: फेऱ्या दोन-चार, जागा थोड्या, आणि पावसाळ्यात नेरळ ते अमन लॉज हा भाग बंद. उपयोगाची आहे ती अमन लॉज ते माथेरान शटल. दस्तुरीपासून दोन-चार मिनिटांवर अमन लॉज, तिथून बाजारातल्या स्टेशनपर्यंत वीसेक मिनिटं, साध्या डब्याचे पन्नास-साठ रुपये. तिकिटं खिडकीवर, गाडी सुटायच्या आधी मिळतात. रांग मोठी दिसली तर तिथे तासभर उभं राहण्याआधी एवढं लक्षात घ्या की तेवढ्या वेळात माणूस चालत बाजारात पोचून चहा घेतो.

आता दस्तुरी नाका. सगळा हिशोब बिघडतो तो इथे, म्हणून जरा थांबून पाहू. टॅक्सीचं दार उघडायच्या आत दोन-तीन जण खिडकीशी येतात. कुणाच्या हातात लगाम, कुणाच्या हातात हॉटेलचं कार्ड. बोलणं ठरलेलं असतं: ‘बाजार इथून पाच किलोमीटर आहे’, ‘चढ फार आहे’, ‘वहिनींना जमणार नाही’, ‘शटल आज बंद आहे’. यातली एकही गोष्ट स्वतः खात्री केल्याशिवाय मानू नका. बाजार इथून अडीच-तीन किलोमीटर आहे. रस्ता रुंद, चढ किरकोळ, आरामात चाललं तर पाऊण तास. शटल चालू आहे की नाही हे अमन लॉजच्या खिडकीवर कळतं. पर्यटकांची अशी दिशाभूल इतकी वाढली की मार्च २०२५ मध्ये गावातल्याच लोकांनी त्याविरोधात माथेरान बंद पुकारला होता. सगळे घोडेवाले असे असतात असं मुळीच नाही. परंपरेने पोट याच धंद्यावर असलेली, नीट दर सांगणारी, घोड्याला जपणारी माणसं जास्त आहेत. ती नाक्यावर खिडकीशी येऊन आरडाओरडा करत नाहीत, एवढंच.

कराच्या खिडकीवर मोठ्या माणसाला पन्नास रुपयांपासून पुढे आणि मुलांना साधारण निम्मे धरून चला. दर नगरपरिषद ठरवते आणि बदलते. पावती घ्या आणि परत येईपर्यंत जपा. त्याच भागात घोड्यांच्या दराचा फलक असतो, त्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. दिवसभरात घासाघीस करायची वेळ आली तर तो फोटो तुमच्यापेक्षा जास्त बोलतो.

नाक्यापासून बाजारापर्यंत जायला चार पर्याय. चालणं फुकट. शटल वर सांगितली. ई-रिक्षा डिसेंबर २०२२ मध्ये प्रायोगिक तत्त्वावर आली, तेव्हा माणशी भाडं पस्तीस रुपये होतं. संख्या थोडी असल्याने गर्दीच्या दिवशी तिचीही रांग लागते, पण गुडघेदुखी असलेल्यांसाठी याहून चांगली सोय नाही. घोड्याचे साधारण तीनशे ते पाचशे. पाचवी होती ती माणसाने ओढायची हातरिक्षा. ती सहा महिन्यांत बंद करा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये दिला. उशीरच झाला, माझ्या मते. कुणी अजूनही विचारलं तर नको म्हणा आणि ई-रिक्षाकडे जा. न्यायालयाने त्याच वेळी मुख्य रस्त्यावरच्या पेव्हर ब्लॉकना परवानगी दिली, पण आतल्या पॉइंटांकडे जाणाऱ्या वाटांवर ते नकोत असं सांगितलं. चालणाऱ्यांसाठी ही मोठी बातमी आहे. मऊ मातीवर दहा किलोमीटर चालता येतं. तेच सिमेंटवर पाच झाले की टाचा बोलू लागतात.

सामान मात्र स्वतः ओढू नका. चाकांची बॅग तांबड्या मातीत दहा पावलांत बसते. मुक्कामाला येत असाल तर हमालाला दोन-तीनशे देऊन बॅगा थेट हॉटेलवर पाठवा आणि हात मोकळे सोडून चाला. संपूर्ण सहलीत मी ज्याला ‘योग्य जागी गेलेला पैसा’ म्हणेन तो हा. ओझं किती, कुठपर्यंत आणि एकूण किती हे निघण्याआधी ठरवून घ्या.

वाटांमध्ये पहिली शिफारस शार्लोट तलावाच्या बाजूची. बाजारातून दक्षिणेकडे निघायचं, अर्ध्या तासाच्या आसपास तलाव लागतो. गावाचं पिण्याचं पाणी याच तलावातलं, म्हणून त्यात उतरायची मनाई आहे आणि ती योग्यच आहे. जवळच पिसारनाथाचं जुनं देऊळ. तिथून लॉर्ड पॉइंट, मग इको पॉइंट, आणि कडेकडेने पुढे लुईझा पॉइंट, जिथून समोर प्रबळगड आडवा पसरलेला दिसतो. सगळं करून बाजारात परत यायला पाच-सहा किलोमीटर होतात, फोटो-सरबतासह तीन तास. वाट दाट झाडीतून जाते आणि अधूनमधून झाडी एकदम सरते नि पुढे नुसती दरी. शेकरू बघायची हौस असेल तर हीच वाट, पण सकाळी साडेसात-आठच्या आत. आवाज आधी येतो, खडखड हसल्यासारखा. मग वर बघत राहिलात तर तांबूस झुपकेदार शेपटी या फांदीवरून त्या फांदीवर जाताना दिसते. नऊनंतर घोड्यांची वर्दळ सुरू झाली की ते दिसणं नशिबावर. या वाटेवरचा खर्च: एक लिंबू सरबत, फार तर उकडलेलं कणीस. इको पॉइंटजवळ दोरीवरून दरी ओलांडायचे खेळ असतात. ते करायचे तर पट्टे-हेल्मेट नीट बघून करा, नाहीतर पुढे चला.

दुसरी वाट पूर्वेच्या कडेची. खंडाळा पॉइंट बाजाराला अगदी लागून आहे, चहा पिऊन पाय मोकळे करायला बरा. तिथून अलेक्झांडर, रामबाग, लिटल चौक असं करत दक्षिणेच्या टोकाला वन ट्री हिल. खाली मोरबे धरणाचं पाणी दिसतं. ही फेरी मोठी, आठ किलोमीटरच्या घरात, पण पॉइंट सुटे सुटे असल्याने कुठूनही मागे फिरता येतं. लहान मुलं असतील तर रामबागवरून परता. वन ट्री हिलखाली उतरणारी शिवाजीची शिडी म्हणून ओळखली जाणारी वाट सोप्या चालीत बसत नाही, ती ट्रेकिंगवाल्यांसाठी. मेमध्ये याच बाजूला ठाकर-कातकरी बाया पानांच्या द्रोणात करवंदं, जांभळं घेऊन बसतात. वीस-तीस रुपयांना द्रोण. इथे घासाघीस करू नका. पहाटे पायथ्याच्या वाडीतून डोक्यावर पाटी घेऊन त्या कडा चढून येतात, आपण मात्र नाक्यावरच्या किरकोळ चढाला पाचशे मोजायला तयार असतो.

पॅनोरमा पॉइंट उत्तरेच्या टोकाला, बाजारातून पाच किलोमीटरच्या आसपास. सूर्योदयासाठी तो प्रसिद्ध आहे, पण त्यासाठी अंधारात निघावं लागतं. म्हणून घोड्यावर पैसे घालायचेच असतील तर ते इथे घालावेत. दोन-तीन तासांच्या पॉइंट-फेरीला हजाराच्या पुढे मोजावे लागतात. त्यात किती पॉइंट, कोणते, प्रत्येक ठिकाणी किती वेळ थांबणार, परत कुठे सोडणार, हे आधी ठरवा. ‘सात पॉइंट, बारा पॉइंट’ या आकड्यांना भुलू नका. एकाच कड्यावरच्या तीन खडकांना तीन नावं असतात. घोडा बघून घ्या: लंगडत असेल, पाठीला जखम असेल तर नाही म्हणा. मुलांसाठी हेल्मेट मागा आणि घोडेवाला लगाम धरून बरोबर चालेल, पळवणार नाही, हे ठरल्याशिवाय मुलाला वर बसवू नका.

संध्याकाळी पॉर्क्युपाइन, म्हणजेच सनसेट पॉइंट. सोपी वाट, पण परतताना दाट झाडीत अंधार लवकर पडतो. बॅटरी लागते. मोबाइलची चालते, मात्र दिवसभर फोटो काढून ती संपलेली असते. गार्बेट पॉइंट आणि दोधाणीहून येणारी वाट मी इथे मुद्दाम सोडतो आहे. दोन्ही सुंदर, दोन्ही घाम काढणाऱ्या, आणि त्यांना माहीतगार माणूस सोबत लागतो.

माकडांचं वेगळं सांगायला हवं, कारण तोही खर्चच आहे. प्लास्टिकच्या पिशवीचा कुरकुर आवाज त्यांना लांबून कळतो. इको पॉइंटच्या कठड्यावर बसलेला एखादा हुप्प्या पर्यटकाच्या हातातली आंबा-सरबताची बाटली घेतो, बूच दातांत धरून फिरवतो, पितो आणि बाटली दरीत टाकतो. हे सगळं तुम्ही ‘अरे, अरे’ म्हणेपर्यंत. खाणं पाठीवरच्या सॅकमध्ये, चेन बंद. चष्मा नाजूक असेल तर दोरी लावा. आणि मुलांच्या हौसेखातर माकडांना शेंगदाणे टाकू नका. तुम्ही टाकलेल्या शेंगदाण्याची वसुली ती पुढच्या पोराकडून करतात.

खाण्यापिण्याचं गणित साधं आहे. वर येणारी जवळपास प्रत्येक वस्तू, पाण्याच्या खोक्यापासून गॅसच्या टाकीपर्यंत, दस्तुरीपासून घोड्याच्या किंवा हमालाच्या पाठीवर येते. तेव्हा चहा-मॅगी खालच्यापेक्षा दीडपट असली तर तक्रार करायला जागा नाही. बाजारातल्या खानावळीत साधी थाळी दीडशे ते अडीचशे. नेरळ स्टेशनाबाहेर वडापाव बांधून घेतले, प्रत्येकी एक लिटर पाणी घरून भरून आणलं, तर दिवसाचे तीन-चारशे सहज वाचतात. पॉइंटांवर रेंज जाते-येते, म्हणून मोबाइलवरून पैसे देण्यावर विसंबू नका. पाचशेच्या नव्हे, दहा-वीस-पन्नासच्या नोटा ठेवा.

मुक्कामाचे दर वारावर ठरतात. आठवड्यातल्या मधल्या दिवशी साधी, स्वच्छ खोली दीड ते अडीच हजारांत मिळते. तीच शनिवारी दुप्पट, दिवाळी-नाताळ-मे महिन्यात त्याहून वर. इथली बरीच हॉटेलं खोलीचा नव्हे तर माणशी, जेवणासकट दर सांगतात. तो ऐकायला मोठा वाटतो, पण तीन वेळचं खाणं धरलं तर कधी परवडतोही. मात्र तुम्ही दिवसभर वाटांवर असणार आणि दुपारचं जेवण हुकणार, तर नुसती खोली आणि नाश्ता एवढंच घ्या. खोली सोडण्याची वेळ विचारा, काही ठिकाणी ती सकाळी नऊ-दहाची असते. आणि नाक्यावर भेटलेल्या दलालाच्या मागे जाऊन खोली घेऊ नका. त्याचं कमिशन तुमच्याच दरात असतं.

मग चौघांना, म्हणजे दोन मोठे आणि दोन मुलं, एकूण किती? दादरहून एका दिवसाची सहल, पूर्ण चालत: लोकलचे जाऊन-येऊन दोनशे, टॅक्सीचे दोन्ही वेळचे मिळून सात-आठशे, कर दीडशे-दोनशे, खाणं हजार. दोन हजार ते सव्वादोन. परतीला शटल धरली तर वर दोनशे. मधल्या वारी एक रात्र राहिलात तर खोली, दोन जेवणं, हमाल धरून सहा हजारांपर्यंत. यात प्रत्येकाला अर्ध्या दिवसाचा घोडा घातला की आणखी चार हजार. आजी-आजोबा बरोबर असतील तर काटकसर करू नका. त्यांना ई-रिक्षा किंवा शटलने बाजारात आणा, हॉटेल बाजाराजवळचं घ्या, आणि एक घोडा दोघांनी आळीपाळीने घेण्यापेक्षा त्यांना खंडाळा पॉइंटपर्यंत सावकाश चालत न्या. तिथला बाक आणि समोरची दरी त्यांना पुरते.

बूट जुने आणि पकड असलेले घाला. मोजे पांढरे नकोत; इथली माती धुतली तरी जात नाही. पावसाळ्यात वाटा शेवाळतात, धुक्यात कड्याचा अंदाज येत नाही आणि कठडे सगळीकडे नाहीत. त्या दिवसांत मुलांचा हात सोडू नका आणि मळलेली वाट सोडू नका. धुवांधार पावसाचा इशारा असेल तर बेत पुढे ढकला. जुलै २०२३ मध्ये इथून जवळच इर्शाळवाडीवर दरड कोसळली. हे डोंगर किती पाणी पितात, ते तेव्हा सगळ्यांनी पाहिलं. सगळ्यात फायद्याचा काळ ऑक्टोबर अखेर ते डिसेंबरचा पहिला पंधरवडा, दिवाळीची सुट्टी वगळून: हवा धुतलेली, वाटा कोरड्या, खोल्या स्वस्त.

चिक्की आणि चपला घ्यायच्या तर परतीच्या वाटेवर, आणि दोन दुकानं फिरून. चिक्की वजनावर घ्या, डब्यावर नको. रविवारी परतायचं असेल तर चारच्या आत दस्तुरी सोडा. त्यानंतर माणशी टॅक्सी मिळणं कठीण होतं, अख्ख्या गाडीचा दर चढतो आणि नेरळहून सुटणाऱ्या लोकलमध्ये उभं राहायलाही जागा उरत नाही.